पुढील सूचना मिळेपर्यंत

एकतीस वर्षं मी लोकांच्या ताटातून पदार्थ काढून घ्यायचं काम केलं. त्यांतली शेवटची सात-आठ वर्षं तेच पदार्थ एकेक करून परत वाढण्यात गेली. काढून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. परत वाढायला किती लागतात, ते पुढे येईलच. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'आहारतज्ज्ञ म्हणून तुमचे अनुभव लिहा' म्हटलं, तेव्हा आधी वाटलं, एका हातात चकली असलेला माणूस दुसऱ्या हातात माझा लेख कशाला धरेल? पण माझं एक जुनं काम राहून गेलंय आणि ते छापील पानावरच होण्यासारखं आहे, म्हणून हो म्हणून बसले.

माझी नोकरी नांदेडच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात होती. नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती, इमारत फक्त त्यांची होती. आहारतज्ज्ञ हे पद तेव्हा तिथे नवं होतं. वॉर्डातल्या मावशींना वाटायचं, ही स्वयंपाकघरातला साखर-चहा मोजायला आलेली बाई आहे. रुग्णांना वाटायचं, मोठ्या डॉक्टरांची बायको घरी बसून कंटाळली म्हणून फिरायला येते. डॉक्टरांना काय वाटायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ते माझ्याशी फारसं बोलतच नसत. कागदावर 'आहार सल्ला' एवढं लिहून माझ्याकडे पाठवत.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे तक्ते. तसं नाही. आमचं सगळं काम एका प्रश्नावर उभं असतं: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं? या प्रश्नाला पुरुष खोटं उत्तर देतात. 'दोन भाकरी' म्हणतात. आता भाकरी म्हणजे काय, हे गावागणिक बदलतं. नांदेडकडची भाकरी पातळ आणि परातीएवढी, उदगीर-देवणीकडची लहान पण जाडजूड. म्हणून मी पुढच्या वेळी घरची भाकरी आणायला सांगायची आणि ती काट्यावर ठेवायची. एका गृहस्थांनी घरच्या भाकरीऐवजी खानावळीची पातळ चपाती फडक्यात बांधून आणली होती. बरोबर आलेल्या बायकोनं ती ओळखली आणि माझ्यासमोरच हसू दाबलं.

बायका मात्र खोटं सांगत नसत. त्या काही सांगतच नसत. 'माझं काय, असंच,' म्हणत. 'असंच' हा पदार्थ मी माझ्या सगळ्या पुस्तकांत शोधला. त्यात प्रथिनं किती आणि लोह किती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तरुण होते, घाईत असायची, रकान्यात 'सर्वसाधारण आहार' लिहून मोकळी व्हायची.

लोक सल्ला मागायला येत नसत, पथ्य मागायला येत. दोन्हीत फार फरक आहे. सल्ला ऐकला काय, न ऐकला काय. पथ्याला मान असतो. लग्नाच्या पंगतीत एखाद्यानं पानावरची जिलबी बाजूला सारली आणि 'आपल्याला बंद आहे' म्हटलं की आजूबाजूचे चार जण चौकशी करतात. नांदेडचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे रक्तदाबासाठी आले होते. मी त्यांना मीठ, लोणचं आणि पापड बंद सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"एवढंच?" ते म्हणाले. "आमच्या साडूला अकरा गोष्टी बंद हायेत, मॅडम."

मी वांगं वाढवलं. वांग्याचा त्यांच्या रक्तदाबाशी काडीचा संबंध नव्हता. मग गवार वाढवली, तुरीची डाळ वाढवली. असं करत करत आठ झाल्यावर ते जरा खुलले आणि नमस्कार करून गेले. हा प्रसंग मी पुष्कळ वर्षं हसत हसत सांगत असे. आता सांगताना तेवढं हसू येत नाही, कारण त्या दिवशी मला माझ्या धंद्याची गोम कळली होती आणि ती वापरायला मी मागेपुढे पाहिलं नाही.

पथ्याचा कागद निळा होता. त्यावर दोन रकाने: 'चालेल' आणि 'बंद'. 'चालेल'चा रकाना कुणी वाचत नसे. तो कागद रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी छापून घेतला होता. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून, भाषा सगळी कचेरीची. 'रुग्णाचे अन्न स्वतंत्र भांड्यात शिजवावे. ते वेळेवर व गरम द्यावे.' आणि तळाशी, माझ्या सहीच्या जरा वर: 'वरील पथ्य पुढील सूचना मिळेपर्यंत काटेकोरपणे पाळावे.' मसुदा मला दाखवला होता. मला ते वाक्य भारदस्त वाटलं. खाली आपली सही म्हणजे आपणही कुणीतरी आहोत, असं वाटलं. पुढील सूचना कोण देणार, कधी देणार, असा प्रश्न ना त्यांना पडला ना मला. वीस-बावीस वर्षं मी त्या कागदावर सह्या करत राहिले.

मग यजमानांची बदली झाली. आम्ही लातूरला आलो आणि मी एका औषधांच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत स्वतःचा दवाखाना थाटला. तोवर आमचं शास्त्रही बदललं होतं आणि मीही थोडी शहाणी झाले होते. भाकरी, वरण, भाजी, थोडं तेल, थोडं दही, मूठभर दाणे, सगळं खा, बेतानं खा, वेळेवर खा, एवढं सांगायला मी शिकले होते. हे ऐकून लोक नाराज होत. एवढं तर आमची आजी पण सांगत होती, म्हणत.

शिरूर अनंतपाळचे एक बियाणांचे दुकानदार आठवतात. मोबाईलवरच्या कुण्या गुरूचं ऐकून त्यांनी चार महिने धान्याला हात लावला नव्हता. पनीर, बदाम आणि तूप एवढ्यावर होते. वजन उतरलं होतं, आणि घरातल्यांशी असलेलं बोलणंही. त्यांना बायकोनंच धरून आणलं. माणसाला स्वप्नात धपाटी दिसत होती. मी म्हटलं, दुपारी एक भाकरी खा. ते लगेच तयार झाले, पण गुरूच्या गटात त्यांना बाकीच्यांना तोंड द्यायचं होतं. त्यांनी माझ्याकडून 'एक भाकरी, वैद्यकीय कारणास्तव' असं लिहून घेतलं. मी लिहून दिलं आणि मनात म्हटलं, आपल्याकडे कागद असल्याशिवाय माणूस भाकरीसुद्धा खात नाही. हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं असतं, तर पुढचा घोळ झाला नसता.

आता महादेवीचं सांगते.

महादेवी देवणीची. घरचं भुसार मालाचं मोठं दुकान, मागे घर. माझ्याकडे आली तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती आणि साठीची दिसत होती. वजन एक्केचाळीस किलो. उजवं मनगट पट्टीत. न्हाणीत पाय घसरून पडली होती, मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं, काढलं, पुन्हा घातलं, पण हाड धरत नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवली आणि नंतर फोनही केला. आणखी आठ-नऊ आठवडे वाट पाहतो, म्हणाले. तोवर धरलं नाही तर कापून आत धातूची पट्टी टाकावी लागेल, आणि या बाईच्या अंगात तेवढं सोसण्याचं बळ मला दिसत नाही. ती खाते तरी काय, ते बघा.

बरोबर नवरा होता, सिद्रामप्पा. भला माणूस, पण बायकोला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वतः देणारा. मी विचारलं, काल काय खाल्लं? त्यानं तोंड उघडायच्या आत महादेवीच म्हणाली, "पथ्याचं." तिच्या आवाजात मला जरा अभिमान वाटला. तिनं डाव्या हातानं पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. कागद निळा होता, लॅमिनेशन केलेला. वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक, कडेला विभूतीचं बोट उमटलेलं. आणि खाली माझी सही.

सात वर्षांपूर्वी नांदेडला तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. स्वादुपिंडालाही सूज होती. तेव्हा मी तिला तेल, तूप, दूध, दही, दाणे, खोबरं, सगळं बंद केलं होतं. डाळीचं फक्त वरचं पाणी चालेल, असं पेनानं लिहिलं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं. फक्त ते सहा आठवड्यांसाठी होतं.

मी तसं म्हटलं. सिद्रामप्पा भांडला नाही. त्यानं कागद माझ्याकडे फिरवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सहा आठवडे कुठं लिवलंय, मॅडम? सूचना येईपातूर म्हणलंय. आमी वाट बघून राहिलाव."

ते दोघं दोन महिन्यांनी तपासणीला नांदेडला जाऊनही आले होते. सर्जननं टाके पाहिले, पथ्य पाळताय ना, विचारलं, पाळा म्हणाले. माझ्या खोलीला कुलूप होतं, कारण मी तोवर लातूरला सामान लावत होते. दाराशी बसलेल्या माणसानं सांगितलं, सूचना आली की कळवतील. तेव्हापासून सात वर्षं ही बाई उकडलेला दोडका, दुधी आणि डाळीच्या पाण्यात बुडवलेली भाकरी खात होती. आणि पोट एकदाही दुखलं नाही म्हणून मला मनोमन दुवा देत होती.

माफी मागावी असं वाटलं, पण ते लोक माझ्या पाया पडायला आल्यासारखे बसले होते, आणि अशा माणसांची माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं. मी घाईघाईनं म्हटलं, पथ्य संपलं, आता सगळं खायचं. वरण खा, दही खा, दाण्याची चटणी खा, फोडणीची भाजी खा. अर्ध्या चमच्यानं सुरुवात करा, हळूहळू वाढवा. सिद्रामप्पानं विचारलं, लिहून देता का? मी म्हटलं, त्याची गरज नाही. खरं सांगायचं तर त्या वेळी मला माझी सही कशावरही पाहायची नव्हती.

तीन आठवड्यांनी दोघं परत आले. वजन एक्केचाळीस. सिद्रामप्पा म्हणाला, सांगून थकलाव, ऐकतच न्हाई. महादेवी जमिनीकडे बघत होती. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतले सहाएक आठवडे उरले होते. पोट दुखेल अशी भीती वाटते का, विचारलं तर मान हलवली. ती होकाराची की नकाराची, मला कळलं नाही.

त्या रविवारी उदगीरला एक शिबिर होतं. ते सोडून मी देवणीला गेले. न सांगता गेले, कारण सांगून गेलं की माझ्यासाठी पुरणपोळी होते आणि खरं जेवण दिसत नाही.

साडेअकराचा सुमार. स्वयंपाकघरात महादेवीची सासू चन्नव्वा भाकऱ्या थापत होती. सत्तरी ओलांडलेली, वाकलेली, पण हात यंत्रासारखा चाललेला. भिंतीवर देव्हाऱ्याशेजारी तो निळा कागद. शेगडीवर वितभर पातेलं, त्यात दोडका. महादेवी पाटावर बसली होती आणि चन्नव्वा तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात टाकत होती. टम्म फुगलेली, वाफ येणारी भाकरी.

मी ओळख सांगितली. चन्नव्वानं उठून पदर सावरला आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, "हिचं झाल्याबिगर मी दुसऱ्याचं ताट वाढत न्हाई, बाई. कागदावर हाय ना, गरम अन वक्ताला." तिला वाचता येत नव्हतं. कागद तिनं नातीकडून ऐकून पाठ केला होता. सुरुवातीला तिला हे सोसलं नसावं, पण दवाखान्याचा शिक्का म्हटल्यावर तिनं कोर्टाच्या हुकुमासारखा पाळला होता.

मी बसून राहिले. एकच्या पुढे दुकानातले पुरुष आले. सिद्रामप्पा, त्याचे दोन भाऊ, दिवाणजी, मालाच्या गाडीबरोबर आलेले दोन पाहुणे. मग शाळेतली पोरं. चन्नव्वा वाढत होती, धाकटी सून पळत होती. तीन वाजता त्या दोघी भिंतीला टेकून बसल्या. टोपल्यातल्या गार, वातड झालेल्या भाकऱ्या, वरणाच्या पातेल्याचा तळ, वर थोडी चटणी. भाजी संपली होती. दह्याचं भांडं पाहुण्यांनीच पुसलं होतं. मी ताटात डोकावले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इतकी वर्षं जो पदार्थ मी पुस्तकांत शोधत होते, ते 'असंच' माझ्यासमोर वाढलेलं होतं.

परसात महादेवी एकटी सापडली. मी विचारलं, का खात नाहीस गं? तिनं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग मात्र सगळं एकदम बोलली.

"लगीन होऊन आले तवापास्नं सोळा वरीस मी तीनला जेवले, मॅडम. समद्यांचं झाल्यावर. कवा भाजी ऱ्हायची, कवा न्हाई. तुमच्या कागदानं मला साडेअकराला पाटावर बसिवलं. गरम भाकरी दिली. दोडका असू दे, न्हाईतर काई बी असू दे. आता तुमीच म्हंता कागद संपला. कागद संपल्यावर मी कुठं बसू?"

मी म्हटलं, आणि हात गेला तर?

"डाव्यानं बी खाता येतंय," ती म्हणाली.

मी तिला प्रथिनं सांगायला गेले होते. ती मला हिशेब सांगत होती आणि तो चुकीचाही नव्हता. 'सगळं खा' म्हणजे त्या घरात 'सगळ्यांचं झाल्यावर खा', हे मला एकतीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या त्या खुळचट पथ्यात तिला आवडणारी एकच गोष्ट होती, आणि ती मी लिहिलेलीच नव्हती. ती अव्वल कारकुनाची होती.

लातूरला परत येताना बसमध्ये मी नवा कागद लिहिला. आयुष्यात एवढा विचार करून पथ्य लिहिलं नव्हतं. 'बंद'च्या रकान्यात पहिलं लिहिलं, शिळं व गार अन्न. मग, उरलेलं अन्न. मग, दुपारी बारानंतरचं पहिलं जेवण. मग, वरण, फोडणीची भाजी, दही आणि दाण्याची चटणी यांच्याशिवाय नुसती भाकरी. आणि शेवटी, वेगळं पातेलं. घरातल्या सगळ्यांसाठी शिजलेल्या अन्नातलं पहिलं वाढप रुग्णाचं, हे न चुकता करावं. दुसऱ्या दिवशी कागद टाईप केला, शिक्का मारला, लॅमिनेशन केलं आणि सिद्रामप्पाला बोलावून हातात दिला. संतुलित आहार देण्यासाठी मला तो 'बंद' म्हणून लिहावा लागला, याची गंमत मी कुणाशी करणार होते? सिद्रामप्पा मात्र खूश झाला. आता कसं लेखी हाय, म्हणाला.

चन्नव्वाचा फोन आला. नातीनं लावून दिला होता. तिच्या दोन शंका होत्या. रोग्याचं आणि घरच्यांचं एका पातेल्यात कसं? मी म्हटलं, तेच औषध आहे. दुसरी शंका अवघड होती. पहिलं वाढप रुग्णाचं, तर मग देवाचा निवद कवा दाखवायचा? मी पेच ओळखला आणि माघार घेतली. निवदानंतर लगेच, म्हटलं. पण निवद अकराच्या आत. ती कबूल झाली. जाता जाता मी आणखी एक कलम तोंडी घातलं. सून नीट जेवते की नाही, हे तुम्ही समोर बसून बघायचं. मला भीती होती की महादेवी तेल बघून ताट सरकवेल.

पहिल्या दिवशी तिनं अर्धा चमचा तेल घातलेली दाण्याची चटणी खाल्ली आणि दिवसभर पोटावर हात ठेवून बसली. संध्याकाळी फोन केला. "दुखलं न्हाई," एवढंच म्हणाली. मी फोन ठेवला आणि देवासमोर दिवा लावला. यजमानांनी विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, चटणी.

पुढचे सहा आठवडे मी दर सोमवारी काट्याकडे बघत बसले. एक्केचाळीस, साडेएक्केचाळीस, त्रेचाळीस. शेवटच्या एक्स-रे फोटोच्या दिवशी मी हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले, तिथे माझं काही काम नसताना. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, धरतंय. पट्टी टाकायची गरज नाही. महादेवीनं हुश्श केलं नाही, काही नाही, पिशवीतून एक फडकं काढून मला दिलं. आत तिनं त्या सकाळी स्वतः थापलेली भाकरी होती. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, कारण मनगट अजून नीट वळत नव्हतं. ते आजही पूर्ण वळत नाही. तेवढं माझ्या खात्यावर राहिलं आणि राहील.

आता माझं राहिलेलं काम. मी नांदेडला जाऊन त्या रुग्णालयात जुने कागद मागितले, कुणाकुणाला असे निळे कागद दिले ते शोधावं म्हणून. नोंदी केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. म्हणून इथे लिहिते. ज्यांच्या घरी भिंतीवर, देव्हाऱ्याशेजारी किंवा गादीखाली माझ्या सहीचा निळा कागद असेल, त्यांनी ही सूचना समजावी. तुमचं पथ्य केव्हाच संपलंय. जवळच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि नीट जेवायला लागा. आणि ते निवृत्त मुख्याध्यापक हे वाचत असतील, तर सर, वांगं खा. त्याचं काही चुकलं नव्हतं.

दवाखाना बंद करायच्या आधीच्या महिन्यात एक दिवस दारात चन्नव्वा उभी. एकटी. लातूरला लेकीकडे आले होते, म्हणाली. महादेवी कशी आहे, विचारलं. बरी हाय, चांगली गुटगुटीत झालीय, म्हणाली. मग खुर्चीच्या टोकावर बसून तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मला बी एक कागद लिहून द्या."

काय होतंय, मी विचारलं.

"व्हत काय न्हाई." ती दाराकडे बघत बोलत होती. "तुमी म्हणलाव म्हून रोज तिच्यापुढं बसते. फुगलेली भाकरी ती मोडती, वाफ येती, वरणात बुडवती. भाकरी मी थापलेली. पर गरम कशी लागती, ते मला ठावं न्हाई, बाई. तिला इचारावं तर लाज वाटती."

मी कपाटातून कोरा कागद काढला आणि विचारलं, 'बंद'मध्ये काय लिहू?

"समद्यांचं झाल्यावर बसायचं, ते बंद लिवा. अन सही ठळक करा. आमच्या सिद्रामप्पाला चष्म्याबिगर दिसत न्हाई, अन चष्मा तो दुकानात इसरतो."

मी लिहिलं, ठळक सही केली, शिक्का मारला, दोनदा वाचून दाखवलं. कागदाच्या वरच्या बाजूला एक रकाना मोकळा राहिला होता. त्रास कधीपासून. तो तसाच सोडणार होते, पण एवढ्या वर्षांची सवय, तोंडातून प्रश्न निघून गेला.

"लगीन झाल्यापास्नं," ती म्हणाली.

मी तसंच लिहिलं.